दवंडी कुणाची, पगार कुणाला?

"मरू दे तिच्यायला! त्या आकाशवाणीनं आपल्यासाठी काय केलं?"

कामोठ्यात हे वाक्य हल्ली वरचेवर ऐकू येतं. मानसरोवर स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर ऐकू येतं. विहारात बैठक संपल्यावर चपला शोधताना ऐकू येतं. आकाशवाणी-दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांच्या संघटना पैशाच्या कपातीविरुद्ध, रिकाम्या पदांविरुद्ध, कंत्राटी भरतीविरुद्ध निदर्शनं करतात. पत्रकं काढतात. पत्रक आपल्या पोराच्या हातात पडतं. तो वाचतो, घडी घालतो आणि म्हणतो, हा बामणांच्या पगाराचा प्रश्न आहे, आपला नाही.

असं म्हणणारी पोरं बिनडोक नाहीत. वाचलेली आहेत, चळवळीतली आहेत. म्हणूनच या वाक्याची भीती वाटते. ऐऱ्यागैऱ्यानं चुकीचं बोललं तर ते टपरीवरच विरून जातं. कार्यकर्त्यानं बोललं की त्याचं धोरण होतं.

तेव्हा दोस्तहो, आधी या वाक्याचाच हिशोब करू.

तळं बुजवणारे

१९२७ साल. मार्चच्या १९ आणि २० तारखेला बाबासाहेब महाडला होते. महाड आपल्याच जिल्ह्यात. तेव्हा कुलाबा म्हणायचे, आता रायगड म्हणतात. वीस तारखेला आपली माणसं चवदार तळ्यावर गेली आणि पाण्याला हात लावला. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विननं केलं.

एकाच वर्षात पाणी आणि हवा. पाण्यावर हक्क सांगायला आपण रक्तबंबाळ झालो. हवेवर हक्क सांगायचं कुणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. ज्याच्या घरात दिवा नाही तो रेडिओ कुठून आणणार?

ती कंपनी तीन वर्षांत बुडाली. खाजगी भांडवलाला झेपलं नाही. १९३० मध्ये सरकारनं रेडिओ ताब्यात घेतला, १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ नाव मिळालं. पुढचं सगळं उभं राहिलं ते लोकांच्या पैशावर. रेडिओचं लायसन काढून पोस्टात फी भरणारी पिढी आपल्याही घरांतून होऊन गेली. गिरणीतल्या बापानं पै पै जमवून ट्रान्झिस्टर आणला, त्याची फी भरली, 'कामगार सभा' ऐकली. त्या फीवर जात लिहिलेली नव्हती.

९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं, हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची नाही, शेटजीची नाही, सगळ्यांची. पण सार्वजनिक या शब्दाचा अर्थ आपल्याइतका कुणाला ठाऊक आहे? चवदार तळंही सार्वजनिकच होतं. १९२३ चा बोले ठराव होता, महाडच्या नगरपालिकेनं त्यावर तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. सगळं कागदावर. कागद ओला करायला सत्याग्रह लागला.

आता असं धरा. तेव्हा महाडच्या सवर्णांनी म्हटलं असतं, बाबांनो, हे तळं परवडत नाही. गाळ काढायला पैसा नाही. बुजवून टाकतो, वर गाळे काढतो, पाणी बाटलीत भरून विकतो. तर आपण काय म्हटलं असतं? "बुजवा! नाहीतरी तळं तुमचंच होतं"?

ज्या घडीला सार्वजनिक जागेवर आपला पाय पडतो, नेमकी त्याच घडीला ती जागा तोट्यात निघते. सरकारी शाळा पाहा, एसटी पाहा, सरकारी दवाखाना पाहा. साहेबाची पोरं तिथं शिकत होती तोवर शाळा चांगली होती. आपली पोरं आली आणि शाळेचा खर्च सरकारला जड झाला. आकाशवाणीची गोष्ट वेगळी नाही.

आरोप खरा आहे

आकाशवाणीवरचे आपले आरोप खोटे आहेत असं कुणी म्हणत नाही. ते खरे आहेत, आणि विसरायचे नाहीत.

पेटी आठवा. हार्मोनियम. आंबेडकरी जलसा पेटी आणि ढोलकीवर उभा राहिला. १९४० मध्ये या रेडिओनं पेटीला बंदी घातली. म्हणे ती परकी, म्हणे तिच्यात शुद्ध स्वर लागत नाहीत. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. एकतीस वर्षं! माणसाला विटाळ होता तसा वाद्यालाही विटाळ. बाळकृष्ण केसकर नावाचे मराठीच मंत्री १९५२ पासून दहा वर्षं या खात्यावर होते. त्यांनी सिनेमाच्या गाण्यांना बाहेर काढलं आणि देशाचे कान अभिजात संगीतानं धुवायला घेतले. लोक उठले आणि रेडिओ सिलोन लावून बसले. शेवटी १९५७ मध्ये झक मारत विविध भारती काढावी लागली. आणीबाणीत तर ऑल इंडिया रेडिओचा ऑल इंदिरा रेडिओ झाला. भाषेचं विचारूच नका. सदाशिव पेठेतली बोली ती शुद्ध, आपल्या आयांची बोली ती विनोदापुरती.

हे सगळं खरं. मग पुढचंही खरं ऐका.

या आकाशवाणीचं ब्रीद आहे 'बहुजन हिताय बहुजन सुखाय'. कुणाचे शब्द आहेत हे? तथागतानं पहिल्या साठ भिक्खूंना चारिकेला धाडलं तेव्हाचे. पुष्कळांच्या हितासाठी, पुष्कळांच्या सुखासाठी फिरा, असं त्यांना सांगितलं. म्हणजे आपल्या बापाची पाटी लावलेलं घर आहे, आणि आपण दारातनं म्हणतोय, मरू दे!

बाबासाहेबांनी हा माईक ओवाळून टाकला नव्हता. मजूरमंत्री असताना १९४२ मध्ये ते मुंबई केंद्रावरून बोलले, युद्धात हिंदी कामगार कुठल्या बाजूला आणि का, ते सांगितलं. ३ ऑक्टोबर १९५४ ला याच रेडिओवर त्यांनी आपलं तत्त्वज्ञान सांगितलं. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उचललेलं नाही, बुद्धाकडून घेतलंय, हे सगळ्या देशाला ऐकवलं. त्यांना काय ठाऊक नव्हतं हा माईक कुणाच्या ताब्यात आहे ते?

आणि कायदा पाहा. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा. कलम १२, पोटकलम २. महामंडळानं काय काय करायचं त्याची यादी तिथं आहे. त्या यादीत सामाजिक न्याय आहे. शोषण, विषमता आणि अस्पृश्यतेसारख्या दुष्ट चालींशी लढणं आहे. श्रमिकांच्या हक्कांचं रक्षणही आहे. असं लिहिलेला एक तरी खाजगी चॅनेल दाखवा. एक तरी एफएम दाखवा. खाजगी रेडिओला २०११ च्या धोरणानं बातम्यांची मुभा दिली ती फक्त आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा वाजवण्याची. तिथं रोस्टर नाही, आरक्षण नाही, बातमी नाही. तिथं आहे फक्त सकाळपासून रात्रीपर्यंत खिदळणं.

आकाशवाणी मेली तर तिची जागा आपण घेणार नाही. तिची जागा शेट घेणार आहे.

पद कसं मारतात

कपात म्हटली की आपल्याला गिरणीचा संप आठवतो. गेटवर कुलूप, हातात चिठ्ठी, पोलिसांची गाडी. सरकारी कात्री अशी चालत नाही. ती अगदी सभ्य असते. कुणालाही काढत नाहीत. एक माणूस निवृत्त होतो. त्याला शाल-श्रीफळ देतात, चार भाषणं होतात, सामोसे वाटतात. दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची रिकामी. ती तशीच ठेवतात. ठरलेल्या मुदतीपलीकडे रिकामं राहिलेलं पद आपोआप रद्द झालं असं धरायचं, असा केंद्राच्या खर्च खात्याचा नियमच आहे. माणूस जिवंत, पेन्शन घेतोय. पद मेलं. ना रडणं, ना मोर्चा.

आता हिशोब करा. केंद्राच्या थेट भरतीत अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात, ओबीसींना २७. बेरीज साडेएकोणपन्नास. म्हणजे अशी शंभर पदं मेली की त्यांतली जवळजवळ पन्नास आपली मेली. 'बामणांच्या पगाराचा प्रश्न' म्हणतोस ना? बामण पगार घेऊन, पेन्शन लावून घरी गेला. मेलं ते तुझं पद. तुझ्या बहिणीचं पद. जन्मायच्या आधीच.

हे कसं घडत गेलं त्याच्या तारखा लिहून ठेवा. भरती मंडळ हवं असं १९९० च्या कायद्याच्या कलम १० मध्ये लिहिलं. मंडळ बसलं १ जुलै २०२० ला. तीस वर्षं! तीस वर्षांत बाळाचा बाप होतो. मधल्या काळात नियमित भरती आटली. २०१३ मध्ये कर्मचारी निवड आयोगाची एक मोठी परीक्षा झाली, बाकी पोरं वाट पाहत वयाबाहेर गेली.

डिसेंबर २०१८ मध्ये हुकूम निघाला, राष्ट्रीय वाहिनी बंद. नागपूरच्या मोठ्या प्रक्षेपकावरून ही वाहिनी रात्रभर देशभर ऐकू जायची. रात्रभर कोण जागं असतं? वॉचमन, ट्रकवाला, रात्रपाळीची नर्स, शेतात पाणी धरणारा. रात्री जागणारी जात कुठली हे मी तुम्हाला सांगायला नको. त्याच हुकुमात अहमदाबाद, हैदराबाद, लखनौ, शिलाँग आणि तिरुवनंतपुरम इथल्या प्रशिक्षण संस्था बंद करायचं ठरलं. शिकवणंच बंद केलं की पुढे 'लायक माणूस मिळत नाही' म्हणायला मोकळे.

जून २०२३ मध्ये पुण्याच्या आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचं ठरलं. कारण काय, तर अधिकारी नाही. पुण्यात बोंब उठली आणि निर्णय थांबला. बरं झालं. पण धडा घ्या, बोंब मारली की थांबतं. पुण्याला ओरडता येतं. परभणीला, रत्नागिरीला, जळगावला ओरडणारं कोण आहे?

आणि पैसा नाही म्हणता? ४ जानेवारी २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं प्रसारणाच्या यंत्रसामग्रीसाठी २,५३९ कोटींची योजना मंजूर केली. यंत्राला पैसा आहे, टॉवरला पैसा आहे. यंत्राला जात नसते, रोस्टर नसतं, पेन्शन नसतं. माणसाला असतं. म्हणून माणसाला पैसा नाही.

तीन पंक्ती

आता युनियनवाल्यांकडे वळू. त्यांनी खूश व्हायचं काही कारण नाही.

२३ नोव्हेंबर २०१०. प्रसार भारतीचा स्थापना दिन. त्या दिवशी आकाशवाणी-दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांच्या राष्ट्रीय महासंघानं ४८ तासांचा संप केला. मागणी होती, प्रसार भारतीचा कायदा रद्द करा, आम्हाला पुन्हा सरकारी खातं करा. हिंमत मोठी होती, ती नाकारू नये. त्यांचं निदानही बरोबर होतं. स्वायत्तता हे नाव गोड आहे, पण खिसा सरकारच्या हातात ठेवून दिलेली स्वायत्तता म्हणजे घरधन्यानं गड्याला दिलेलं स्वातंत्र्य. जा कुठंही, पण भाकरी माझ्याकडेच.

पण पदरात काय पडलं? पुढे दुरुस्ती कायदा आला. ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत लागलेल्यांना सरकारी नोकराचा दर्जा मिळाला. त्यानंतर लागलेले महामंडळाचे. म्हणजे एकाच स्टुडिओत पंक्ती पडल्या. पहिली पंगत सरकारी. पाटावर, चांदीची वाटी. दुसरी पंगत महामंडळाची. जमिनीवर, पत्रावळ. आणि तिसरे? ते पंगतीत नाहीतच. ते मांडवाबाहेर भांडं घेऊन उभे. कॅज्युअल निवेदक, कंपेरर, वार्तापत्राचे भाषांतरकार, एजन्सीमार्फत आलेले कॅमेऱ्यावाले, कंत्राटदाराचे सफाईवाले आणि वॉचमन.

आपले सर्वांत जास्त कुठल्या पंगतीत असतील, हा प्रश्न कुठल्याही युनियनच्या अधिवेशनात विचारून पाहा. सभागृह एकदम खाली बघायला लागतं.

कार्यक्रमवाल्यांची संघटना वेगळी, इंजिनियरिंगवाल्यांची वेगळी. एकाचं प्रमोशन दुसऱ्याला खुपतं. ही उतरंड आपल्या ओळखीची आहे. वरच्याच्या लाथेपेक्षा खालच्याची बरोबरी जास्त झोंबते. कॅज्युअल निवेदकांना तर आपली निराळी संघटना काढून दिल्लीत बसावं लागलं, कारण कायम माणसांच्या युनियनचं दार त्यांना उघडलं नाही. आणि आपल्या नोकरदारांची ती 'कल्याण' संघटना? १४ एप्रिलला हार, ६ डिसेंबरला बस, साहेबाला पुष्पगुच्छ. कल्याण मागून मिळतं. हक्क मागून कधी मिळाला?

युनियनवाले म्हणतात, आधी संस्था वाचू द्या, मग तुमचं बघू. हे वाक्य आपण कुठे ऐकलंय? आधी स्वराज्य, मग तुमचं बघू. आधी क्रांती, मग जात बघू. शंभर वर्षं आपलं बघणं चालूच आहे.

आकाशवाणीतली महारकी

गावातला पहिला निवेदक कोण होता? दवंडी कोण पिटायचं? महार. कुठे मांग, हलगी घेऊन. 'ऐका हो ऐका' म्हणत सारं गाव फिरायचं. सरकारचा हुकूम सांगायचा, मयताची बातमी पंचक्रोशीत पोचवायची, पाटलाचा निरोप न्यायचा. उन्हातान्हात, रात्रीबेरात्री. गावाचा रेडिओ तो. आवाज त्याचा, शब्द पाटलाचा.

पगार? पगार नाही. वतन! तुकडाभर जमीन, दारोदारची शिळी भाकरी, मेलेलं ढोर, आणि आशा. आपण गावचे वतनदार आहोत ही आशा. या आशेवर माणूस पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबला. बाबासाहेबांनी नेमका इथं हात घातला. १९ मार्च १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती मांडली. काम घेता ना, मग मोल द्या, असं रोखठोक. मंडळी खवळली. अशी वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ उजाडलं.

आता कॅज्युअल निवेदकाकडे बघा. आवाजाची परीक्षा पास. वर्षानुवर्षं माईकवर. गाव त्याला आवाजावरून ओळखतं, ऑफिस त्याला मस्टरवरून ओळखत नाही, कारण मस्टरवर त्याचं नावच नाही. महिन्याला सहा ड्युट्या, त्याच्यावर नाही, असा दंडक. सहा गुणिले बारा, बहात्तर. वर्षाचे बहात्तर दिवस. १९९२ मध्ये दूरदर्शनच्या कॅज्युअल कलाकारांनी न्यायाधिकरणापर्यंत भांडून कायम होण्याची योजना मिळवली होती. तिच्यात मोजमाप होतं वर्षाला १२० दिवसांचं. बहात्तर आणि एकशेवीस! गणित कच्चं असलेल्यालाही हे गणित सुटतं. केंद्रानं कंत्राटी नेमणुकीतही आरक्षण ठेवलंय, पण नेमणूक ४५ दिवसांची किंवा जास्त असेल तर. सहा-सहा दिवसांचे तुकडे पाडले की ४५ येणार कुठून?

आणि तरी तो माणूस सोडून जात नाही. का? आशा. आज ना उद्या कायम होऊ. आपण आकाशवाणीचे आहोत. वतनदार!

दोस्तहो, हीच महारकी. जागा वातानुकूलित झाली, घोंगडीकाठी गेली, हातात माईक आला. पण आवाज त्याचा, शब्द साहेबाचा, आणि मोल आशेचं, हे तसंच राहिलं. आता तर या महारकीत ब्राह्मणाचीही पोरं आलीत. येऊ देत. महारकीला जो जो बसेल त्याच्यासोबत आपण लढू. पण महारकी मोडायची रीत आमच्याकडून शिकावी लागेल, कारण ती मोडल्याचा अनुभव आमच्याकडेच आहे.

अट घालून सोबत

ती रीत काय?

१९२८ चा मुंबईतला गिरणी संप आठवा. विणखात्यात मजुरी चांगली, पण तिथं अस्पृश्याला मज्जाव. का? धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि सवर्ण कामगाराला विटाळ व्हायचा. लाल बावट्याखाली विटाळ! बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं, विणखातं आमच्या माणसांना खुलं करा ही मागणी तुमच्या यादीत घाला, नाहीतर आमचा तुम्हाला पाठिंबा नाही. कुरकुरत का होईना, घालावी लागली.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे त्यांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एक नाही, दोन. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपाचा हक्क कापणाऱ्या बिलाविरुद्ध, त्याच कम्युनिस्टांसोबत त्यांनी मुंबईत सार्वत्रिक संप केला. दहा वर्षांपूर्वी ज्यांना अट घातली, त्यांच्याच खांद्याला खांदा. आणि पुढे मजूरमंत्री झाल्यावर १९४३ मध्ये मालकानं युनियनला मान्यता दिलीच पाहिजे असं बिल मांडलं ते कुणी?

रीत अशी. ना 'मरू दे', ना मुकाट झेंडा उचलणं. अट घालायची, आणि अट मानली की छातीचा कोट करून उभं राहायचं. 'मरू दे' म्हणणारा पोरगा दोन शत्रूंपैकी एकच बघतो. युनियनचा पुढारीही एकच बघतो, फक्त दुसरा.

आपल्यापुरतंच हे नाही. ग्रीसमध्ये ११ जून २०१३ ला सरकारनं सार्वजनिक प्रसारण संस्था ईआरटी एका रात्रीत बंद केली. सुमारे २,६०० माणसं रस्त्यावर. कामगारांनी इमारत ताब्यात घेतली आणि प्रसारण चालूच ठेवलं. लोक बाहेर जमले, कारण त्यांना कळलं की आवाज आपला जातोय. ७ नोव्हेंबरला पोलिसांनी इमारत रिकामी केली. तरी ते हटले नाहीत, आणि ११ जून २०१५ ला संस्था पुन्हा सुरू झाली. अमेरिकेत २०२५ च्या जुलैत सार्वजनिक प्रसारणाचे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले. सर्वांत आधी गळा कुणाचा आवळला? तिथल्या मूळच्या आदिवासी जमातींच्या छोट्या रेडिओ केंद्रांचा. मोठ्या शहरांतल्या केंद्रांना देणगीदार आहेत. वस्तीवरच्या रेडिओला कोण आहे? कात्री कुठल्याही देशातली असो, ती खालच्या टोकापासूनच कापत येते.

कामं

भाषण पुरे. कामोठ्यातल्या, कळंबोलीतल्या, पनवेलच्या पोरांसाठी कामं लिहितो.

एक. माहितीच्या अधिकाराचे अर्ज. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्रातल्या प्रत्येक आकाशवाणी केंद्राला आणि दूरदर्शनला विचारा. मंजूर पदं किती, भरलेली किती, रद्द झालेली किती, आरक्षित अनुशेष किती, रोस्टर दाखवा. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, परभणी, जळगाव, सांगली, रत्नागिरी. एकेकानं एकेक केंद्र घ्या. मेलेल्या पदांची यादी आपण छापू. सुतक नाही, पंचनामा.

दोन. प्रसार भारतीच्या कायद्यात मंडळावर कर्मचाऱ्यांचे दोन निवडून दिलेले प्रतिनिधी आहेत. एक इंजिनियरिंगचा, एक बाकीच्यांचा. त्या दोन खुर्च्यांवर आजवर कोण कोण बसलं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हेही त्याच अर्जात विचारा.

तीन. युनियनच्या निदर्शनाला जायचं. आपला फलक घेऊन जायचं. फलकावर तीनच ओळी. कॅज्युअल आणि कंत्राटी कामगाराला युनियनचं सभासदत्व. मागण्यांच्या यादीत पहिला नंबर आरक्षित अनुशेषाचा. सफाईवाली आणि निवेदक एकाच मस्टरवर. मानलं तर घोषणा आपल्या गळ्यातून, आणि आपला गळा कसा आहे ते त्यांना माहीत आहे. नाही मानलं तर तोच फलक त्यांच्या तोंडासमोर.

चार. कोर्टाचं भय दाखवतील. २००६ च्या उमादेवी निकालाचं नाव घेतील, कायम करता येत नाही म्हणतील. त्यांना डिसेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवा. केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं सफाई करणाऱ्या बायकांना काढलं होतं. कोर्टानं त्यांना परत घ्या, कायम करा म्हटलं, आणि उमादेवीची ढाल करून माणसं राबवून घेऊ नका असंही सुनावलं. हा निकाल कुणी मोठ्या वकिलाच्या पोरानं स्वतःसाठी मिळवलेला नाही. झाडू मारणाऱ्यांनी मिळवला. आपल्यासाठी तो पुरेसा आहे.

पाच. ऐका! रेडिओ ऐका. कलम १२ हातात घेऊन ऐका. अस्पृश्यतेविरुद्ध, श्रमिकांच्या बाजूनं महिन्याभरात काय लागलं ते वहीत मांडा. नाही लागलं तर तारखेसह तक्रार करा. ज्यांनी हे ब्रीद लावलंय त्यांना ते पाळायला लावणं हे आपलं काम आहे. ब्रीद आपल्या घरचं आहे.

कुणी म्हणेल, एवढ्यानं काय होणार? आपण राहतो त्या कामोठ्याकडे बघा. इथली जमीन आगरी-कोळ्यांची, सिडकोनं घेतली. 'मरू दे' म्हणाले असते तर फुटक्या कवडीवर निघाले असते. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानला त्यांनी गोळ्या खाल्ल्या, पाच माणसं गेली, तेव्हा पुढे साडेबारा टक्के आले. आणि आज त्याच जमिनीवरच्या इमारतीइमारतीत कंत्राटावर राबणारी आपली घरं आहेत. कुणी तळोज्याला जातो, कुणी लोखंड बाजारात, कुणी दवाखान्यात, कुणी साहेबांच्या सोसायटीत रात्रीचा गेटवर. यांच्यापैकी कुणाचं नाव मस्टरवर आहे? आकाशवाणीच्या निवेदकाचा प्रश्न आणि गेटवरच्या वॉचमनचा प्रश्न एकच आहे. ज्या दिवशी हे दोघं एका फलकाखाली येतील त्या दिवशी कल्याण संघटनांचे पुष्पगुच्छ सुकतील.

बापजाद्यांनी दवंडी पिटली ती शिळ्या भाकरीवर. त्यांना इलाज नव्हता. आपल्याला संविधान आहे, कायदा आहे, आणि बाबासाहेबांनी घालून दिलेली रीत आहे.

यापुढे दवंडी पिटू ती मस्टरवर सही करून.

जयभीम.